यादीत नसलेले शहर

घातक कचऱ्याच्या सरकारी याद्या चाळताना सोलापूरचे नाव सहसा आढळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. १०० पैकी ७० च्या पुढे गेलेली ४३ क्षेत्रे ‘अतिप्रदूषित’ ठरली. महाराष्ट्रातून त्यात चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर होते. नाशिक आणि चेंबूर अगदी थोडक्यात खाली राहिले. २०१८ च्या फेरमोजणीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. सोलापूर २००९ च्या त्या ८८ क्षेत्रांतच नव्हते.

यावरून सोलापूर स्वच्छ आहे असे कुणी म्हणू नये. एखादे ठिकाण तपासून निर्दोष ठरणे वेगळे आणि ते तपासायलाच न घेणे वेगळे. मोठमोठे रासायनिक कारखाने जिथे एका जागी दाटलेले आहेत, तिथे पाहण्यासाठीच तो निर्देशांक बांधला होता. सोलापूरचा घातक कचरा तसा दाटलेला नाही. तो पातळ आहे, विखुरलेला आहे आणि पुष्कळसा जुना आहे. पूर्व भागातल्या रंगाईच्या शेडपासून अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत, फाउंड्रीपासून गॅरेजमधल्या जळक्या ऑइलपर्यंत आणि भंगारात फुटणाऱ्या बॅटऱ्यांपर्यंत तो थोडा थोडा साचत आला आहे. अशा शहरात सरकारी धोरण चालले की नाही, हे ठरवायचे कसे, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. प्रश्न सोलापूरचा असला तरी इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी यांपैकी कुठल्याही यंत्रमागाच्या गावात तो तसाच विचारता येईल.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. आपल्याकडे या धोरणाचे मोजमाप कचरा किती टन उचलला, किती कारखान्यांना संमतीपत्रे दिली, किती नोटिसा बजावल्या, यांवर होते. माती आणि विहिरीचे पाणी पूर्वीपेक्षा सुधारले का, हे त्या मोजमापात कुठेच येत नाही. जोवर ते येत नाही, तोवर धोरण यशस्वी झाले असे म्हणायला आधार नाही आणि अयशस्वी झाले असे म्हणायलाही नाही.

*

सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चादरीची ख्याती तिच्या पक्क्या रंगावर उभी आहे. पक्का रंग म्हणजे वॅट रंग, आणि तो सुतात उतरवायला कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) लागतात. टॉवेलला बहुधा रिॲक्टिव्ह रंग असतात. त्यांना मीठ लागते, तेही भरपूर. रिॲक्टिव्ह रंगाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, सुताला न चिकटता पाण्याबरोबर निघून जातो. काही रंगांच्या रेणूतच तांबे किंवा क्रोमियम असते.

हे रंगीत पाणी नाल्यात सोडू नये, म्हणून कायद्याने प्रक्रिया सक्तीची केली. ती योग्यच आहे. प्रक्रियेत चुना, तुरटी किंवा फेरस सल्फेट टाकतात. रंग आणि धातू तळाशी बसतात, वरचे पाणी फिकट होते. तळाशी उरतो तो गाळ. घातक कचऱ्याच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत या रासायनिक गाळाला ३५.३ असा क्रमांक आहे. म्हणजे पाण्याचा कायदा जितका नीट पाळला जाईल, तितका घातक कचरा वाढत जाईल. पाण्याचा अहवाल वाचणारा अधिकारी समाधानी असेल, आणि त्याच कारखान्याच्या मागच्या भिंतीशी पोत्यांची थप्पी वाढत असेल. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय मूल्यमापन पुरे होत नाही. आपल्याकडे मात्र पाण्याचा, हवेचा आणि घातक कचऱ्याचा कायदा वेगवेगळा, विवरणपत्रे वेगळी आणि वाचणारे डोळेही बहुधा वेगळे.

याच टॉवेलच्या धंद्यात एक धोरण मात्र चांगले चालले, आणि ते का चालले हे समजून घेण्यासारखे आहे. काही अझो रंगांपासून कर्करोगकारक अमाइन सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली त्यांच्यावर बंदी जाहीर केली. भारताने १९९७ मध्ये अशा ७० अझो रंगांवर बंदी घातली. बेंझिडीनवर आधारलेल्या ४२ रंगांवर ती त्याआधीच होती. परदेशी गिऱ्हाईक टॉवेलचा तुकडा प्रयोगशाळेत देऊ लागले आणि निकाल वाईट आला तर माल परत येऊ लागला. निर्यातदाराला रंग बदलावाच लागला. इथे कुणी विवरणपत्र तपासले नाही. प्रत्यक्ष टॉवेल तपासला, आणि दोषाची किंमत ताबडतोब दोष करणाऱ्यावर पडली. ज्या पाण्यात तो टॉवेल रंगला, त्या पाण्याचा गाळ जिथे पडला ती माती मात्र कुणी तपासत नाही, कारण त्या मातीला गिऱ्हाईक नाही. तिच्या वतीने बोलायला सरकार हवे. घातक कचऱ्याच्या धोरणाकडून मी एवढेच मागतो, की टॉवेलला जी कसोटी लावली ती मातीला लावावी.

*

कायद्याची वाट भोपाळपासून सुरू होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे झालेल्या विषारी वायूच्या गळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. कचऱ्याचे १८ प्रकार त्यात धरले होते. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरचा बाझल करार त्याच वर्षीचा. नियम निघाले, पण कचरा न्यायचा कुठे याचे उत्तर बराच काळ नव्हते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, १९९७ मध्ये प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि १४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यायालयाने सविस्तर आदेश दिला. कारखान्याच्या फाटकाबाहेर आज जो फलक दिसतो, ज्यावर आत कोणती घातक रसायने आहेत आणि किती कचरा निघतो हे लिहिलेले असते, तो त्या लढाईचा परिणाम. चिंचोळीला जाणाऱ्यांनी तो फलक थांबून वाचावा. तो नागरिकांसाठीच लावलेला आहे. पुढे २००८ साली आणि मग ४ एप्रिल २०१६ रोजी नियम नव्याने लिहिले गेले. आज चालतात ते २०१६ चे.

महाराष्ट्राने या काळात केलेले काम लहान नाही. तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो सुरक्षित गाडण्याची सामाईक केंद्रे उभी राहिली. त्याआधी प्रामाणिक कारखानदारालाही कचरा कायदेशीरपणे टाकायला जागा नव्हती. आता आहे. हे यश कुणी नाकारू नये.

पण त्या यशाचा आवाका पाहा. कारखान्याने कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये. तो निघाला की नमुना १० चा सात प्रतींचा दस्त भरावा. एकेक प्रत पाठवणारा, वाहतूकदार, सामाईक केंद्र आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे जावी. दर वर्षी ३० जूनच्या आत नमुना ४ मध्ये वार्षिक विवरण द्यावे. ही साखळी विचारपूर्वक बांधलेली आहे आणि ती चालत्या कचऱ्यावर, म्हणजे आज निघणाऱ्या आणि उद्या गाडीत चढणाऱ्या मालावर, नजर ठेवते. १९८९ च्या आधी जे जमिनीत मुरले, किंवा त्यानंतरही दस्ताबाहेर जे ओतले गेले, ते या साखळीत कुठेच बसत नाही. २०१६ च्या नियमांतला २३ वा नियम नुकसानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकतो, पण नुकसान शोधायला जावे कुणी, हे सांगत नाही. साफसफाईचे धोरण आणि हाताळणीचे धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस-पस्तीस वर्षे आपल्याकडे दुसरी होती, पहिली जवळजवळ नव्हती.

शिक्षेचेही पाहायला हवे. १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. हा बदल मला सरसकट चुकीचा वाटत नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या फौजदारी खटल्यापेक्षा चटकन बसणारा दंड अधिक उपयोगी पडू शकतो. पण कचरा कायदेशीर मार्गाने पाठवण्याचा खर्च आणि पकडले गेल्यावरचा दंड यांचे गणित जर कारखानदाराच्या मनात दुसऱ्या बाजूला झुकत असेल, तर नियम कितीही चांगला असो, गाळ ओढ्यालाच जाणार. हे गणित प्रत्येक जिल्ह्यात मांडून पाहता येते. मंडळाने ते मांडावे.

*

सोलापुरात ते गणित अंतराचे आहे. इथला गाळ गाडायचा तर जवळचे सामाईक केंद्र रांजणगावचे, शिरूर तालुक्यात, दोनशे किलोमीटरच्या आसपास. मोठ्या औषध कारखान्याला हे अंतर झेपते. त्याचा ट्रक भरतो. रंगाईच्या लहान शेडमध्ये दिवसाला काही किलो गाळ निघतो. त्याचा ट्रक ९० दिवसांत भरत नाही, आणि लहान कारखान्यांना मंडळ वाढवून देऊ शकते त्या १८० दिवसांतही भरणे कठीण. मग एक तर मुदत मोडायची, नाही तर अर्धा ट्रक पाठवायचा, नाही तर पोती कुठेतरी ‘जिरवायची’. मोठ्या कारखान्यासाठी लिहिलेला नियम लहानाला लावला की तो लहानाला खोटे बोलायला भाग पाडतो.

दुसरीकडे कलबुर्गी जिल्हा आपल्या सीमेला लागून आहे. वाडी, सेडम, मळखेड भागात सिमेंटच्या भट्ट्या आहेत आणि प्रचंड तापमानाच्या या भट्ट्यांत ठरावीक प्रकारचा औद्योगिक गाळ इंधनाबरोबर किंवा कच्च्या मालाबरोबर जाळता येतो. रांजणगावपेक्षा कलबुर्गी सोलापूरला बरेच जवळ. २०१६ च्या नियमांत इथे एक महत्त्वाचा फरक आहे: कचरा परराज्यात गाडण्यासाठी न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, तो भट्टीत वापरण्यासाठी न्यायचा तर दोन्ही मंडळांना आधी कळवले की पुरते. म्हणजे वाट कायद्याने मोकळी आहे. गाळ गोळा करणारे, वाळवणारे, तपासून एकत्र पाठवणारे एक ठिकाण सोलापुरात हवे. साखर कारखाने सहकारातून उभारणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड जाऊ नये. धोरणाचे मूल्यमापन केवळ दोष काढण्यासाठी करायचे नसते. अशी न वापरलेली वाटही त्यातून दिसते.

*

रंगाचा गाळ जमिनीत गेला की काय होते, याचे सर्वांत दुःखद उत्तर राजस्थानात आहे. उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या शेवटी एच-आम्ल बनवणारा कारखाना निघाला. एच-आम्ल हा रंगांचा कच्चा माल. तिथे एकंदर ३७५ टन एच-आम्ल तयार झाले आणि त्यासाठी ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि २,४४० टन गाळ निघाला. उत्पादन १९८९ साली थांबले. पण तोवर पावसाने गाळ जमिनीत उतरवला होता आणि विहिरींचे पाणी काळपट लाल झाले होते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने पाहणी केली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रदूषण करणाऱ्यानेच ते निस्तरण्याचा खर्च भरला पाहिजे. भारतीय कायद्यात हे तत्त्व या गावाच्या नावाने रुजले. खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये धरला गेला. त्यानंतर अर्जांवर अर्ज झाले आणि १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरा.

बिछडीचे मूल्यमापन कायद्याच्या पुस्तकातून केले तर तो मोठा विजय आहे. विहिरीच्या काठावरून केले तर कारखाना थांबल्यानंतर बावीस वर्षे पैशाचाच वाद चालला. दोन्ही खरे आहे. धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही लिहावे, पण निर्णय द्यायची वेळ आली तर विहिरीचे मत मोठे मानावे.

भोपाळचेही तेच. युनियन कार्बाइडच्या आवारात साठवलेला ३३७ टन कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला आणि जूनच्या अखेरीस तो जाळून संपला. टनांत हे काम शंभर टक्के झाले. पण कारखाना चालू असताना आवारात पुरलेले आणि बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडलेले विष, त्याने नासलेली माती आणि भोवतालच्या वस्त्यांचे भूजल त्या ३३७ टनांत कधी धरलेच नव्हते. ‘काम पूर्ण’ हा शेरा कुठल्या कामासाठी मारला, हे दर वेळी विचारायला हवे.

सोलापूरने सर्वांत नीट पाहावे ते तिरुपूर. तेही कापडाचेच गाव. तिथल्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी गेली आणि शेतीसाठी बांधलेले ओरतुपाळयम धरण रंगाच्या पाण्याचे तळे झाले. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करायला लावले. त्यातून थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडण्याची पद्धत आली, जिचा आज जगभर दाखला दिला जातो. पाणी फिरवून वापरले जाऊ लागले. पण पाणी काढून घेतल्यावर मागे मिश्र मिठाचे आणि गाळाचे ढीग राहिले, आणि त्यांचे करायचे काय हा प्रश्न तिरुपूरलाही सतावतो. शिवाय बंदीच्या काळात हजारो कामगारांचा रोजगार बुडाला. सोलापुरात पर्यावरणाचा विषय निघाला की कारखानदाराआधी कामगार घाबरतो, ते उगाच नाही. गिरण्या बंद पडलेल्या या शहराने पाहिल्या आहेत. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. एकेक भोंगा थांबला आणि विडीवर घर चालवणाऱ्या बायकांची संख्या वाढली. साफसफाईचे जे धोरण या भीतीला उत्तर देत नाही, ते सोलापुरात चालणार नाही आणि चालूही नये.

*

परिणाम मोजण्याचे काम जगात कुणी केलेच नाही असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनाल वस्तीखाली पुरलेली रसायने १९७८ साली उघडी पडली. त्यातून १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा आला. धोकादायक जागांना गुण द्यायचे, २८.५ च्या वर गेलेल्या जागा राष्ट्रीय यादीत घ्यायच्या, करणारा सापडला तर त्याच्याकडून आणि नाही सापडला तर तेल-रसायन उद्योगांवरच्या करातून साफसफाई करायची. हा कर १९९५ साली संपला आणि काम मंदावले. २०२१ च्या कायद्याने तो पुन्हा आणला गेला. पैशाचा झरा आटला की धोरण कसे थबकते, याचा हा नमुना.

त्याहून मोलाचे आहेत दोन अभ्यास. मायकल ग्रीनस्टोन आणि जस्टिन गॅलघर यांनी २००८ साली २८.५ च्या थोड्या वरच्या आणि थोड्या खालच्या जागांची तुलना केली. गुणांत किरकोळ फरक, पण एकीकडे साफसफाई, दुसरीकडे नाही. घरांच्या किमतीत त्यांना फारसा फरक आढळला नाही, तेव्हा एवढा खर्च वाया गेला काय, असा वाद झाला. मग २०११ साली जॅनेट करी, ग्रीनस्टोन आणि एन्रिको मोरेट्टी यांनी त्याच साफसफाईचे मोजमाप नवजात बाळांवर केले. साफ केलेल्या जागांजवळ राहणाऱ्या मातांच्या बाळांत जन्मजात दोषांचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांनी घटलेले दिसले. धोरण एकच, जागाही तशाच. किंमत मोजली तर निष्फळ, बाळे मोजली तर सफल. काय मोजायचे हे ठरवणे म्हणजेच मूल्यमापनाचा अर्धा निकाल लिहिणे. मी बाळांच्या बाजूने आहे.

असा अभ्यास आपल्याकडे करता येत नाही, कारण त्याला आधीची मोजणी लागते. कामाला हात घालण्यापूर्वी माती कशी होती, पाणी कसे होते, याची नोंद नसेल तर नंतरची नोंद कशाशी ताडून पाहणार? सोलापूरच्या जमिनीत तर हे आणखी अवघड. इथला खडक दख्खनचा बेसॉल्ट. पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे सारखे मुरत नाही. भेगा आणि सांधे मिळतील तसे वाट काढते. एका बोअरला रंग येतो, शेजारच्याला येत नाही. तेव्हा एका बोअरच्या अहवालावरून ‘प्रदूषण नाही’ असा दाखला देणे धोक्याचे. पाऊसही वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. मुरलेले सौम्य करायला पाणी कमी, आणि त्याच पाण्यावर शेतकऱ्याचे रब्बी पीक.

नदीचे पाणी तर जिल्ह्याच्या हाती नाहीच. उजनी धरणात भीमा येते ती पुण्याचे सांडपाणी आणि कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीचे पाणलोट ओलांडून. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यात सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. सोलापूरच्या धोरणाचा हिशेब मांडताना वरून आलेले आणि इथे मिसळलेले असे दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील.

काही गोष्टी या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहेत, कारण नियमांनीच त्या बाहेर ठेवल्या आहेत. दक्षिण सोलापुरातल्या औष्णिक केंद्राची राख घातक कचऱ्यात मोडत नाही. ‘प्रमाण मोठे, परिणाम कमी’ या वर्गात ती वेगळी काढली आहे. डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याचे नियम वेगळे. घराघरातून कचरा डेपोत जाणारे ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि सेल शहरी घनकचऱ्यात धरले जातात. लोकांच्या तक्रारी मात्र बहुतेक याच गोष्टींच्या असतात. ही विभागणी कायद्याच्या सोयीची आहे. विहिरीला ती कळत नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

*

आता या विषयाला नवे वळण मिळाले आहे आणि म्हणूनच हे पुस्तक आता निघते आहे. २४ जुलै २०२५ रोजी केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी साफसफाई सुरू झाली होती. नव्या नियमांनी प्रथमच शोधण्याची जबाबदारी कुणाची ते सांगितले: जिल्हा प्रशासनाची. दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्य मंडळाने किंवा तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. १८९ रसायनांच्या मर्यादा ठरल्या आहेत; त्या ओलांडल्या तर जागा जाहीर करायची. करणारा सापडला तर खर्च त्याचा, न सापडला तर केंद्राचा आणि राज्याचा. बंद गिरण्यांच्या सोलापुरात ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची, कारण इथल्या कितीतरी जुन्या खड्ड्यांना आज धनीच उरलेला नाही.

एक मोठी उणीव राहिली. जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत साफ करायची, याची मुदत नियमांत नाही. तपासणीला ९० दिवस मोजणाऱ्यांनी साफसफाईला तारीख घातली नाही. ही मुदत जिल्ह्याने स्वतःच्या अहवालात स्वतः घालून घ्यावी; तसे करायला कुठला नियम आड येत नाही.

सोलापूरच्या यादीत काय असावे, याचा विचार पुढच्या पानांत आहे. गिरण्यांच्या जागा, बंद पडलेल्या रंगाईच्या शेड, औद्योगिक वसाहतींतले सील झालेले गाळे, बॅटरी आणि पिंपांच्या भंगाराच्या जागा, वसाहतींच्या मागून वाहणारे ओढे, यांपासून सुरुवात करता येईल. जिल्हाधिकारी कार्यालय, मंडळाचे सोलापूरचे उपप्रादेशिक कार्यालय आणि निरीक्षण विहिरींची जुनी नोंद ठेवणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा एकत्र बसली, सोबत अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचे आणि वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी घेतले, तर पहिली मोजणी एका वर्षात होऊ शकते. निष्कर्ष मराठीत छापावेत, आणि पूर्व भागासाठी तेलुगूत, अक्कलकोटच्या बाजूसाठी कन्नडमध्येही. ज्याच्या घराखाली ते आहे, त्याला ते त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजे. यादीत नाव आले म्हणून शेड बंद होणार नाही, हेही त्याच पानावर लिहावे, आणि ते पाळावे.

तोवर ज्यांना थांबायचे नाही त्यांच्यासाठी. मेच्या अखेरीस एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, एकाच बोअरचे पाणी तपासायला द्यावे. बोअर दहा-पंधरा मिनिटे चालवून मग बाटली भरावी. एकूण विद्राव्य क्षार, क्लोराइड, सल्फेट, आणि धातूंत क्रोमियम, शिसे, तांबे एवढे मागावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे क्रोमियम ०.०५ आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. धातूंच्या बाटलीत आम्लाचे थेंब टाकावे लागतात. ते प्रयोगशाळेच्या माणसाकडून करून घ्यावे. बाटलीवर तारीख, ठिकाण आणि बोअरची खोली लिहावी, आणि अहवालाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्यावी.